अकरा महिन्यांचा करार आणि मे महिन्यातली परीक्षा

दहावीचा निकाल लागला की या सदराच्या टपालात शेतीचे बांध आणि वारसनोंदी मागे पडतात आणि खोल्या पुढे येतात. यंदाही तसेच झाले. मराठवाड्यातल्या तीन शहरांतल्या खोल्यांविषयी आलेल्या चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली, कारण त्या भगिनींनी विचारलेले प्रश्न लातूरला मुलांना घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराचे आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीची यंदा दहावी झाली. अकरावी विज्ञान आणि नीटची तयारी यांसाठी आम्ही तिला लातूरला ठेवणार आहोत. तिला एकटीला ठेवण्यास घरातून कोणीच तयार नसल्यामुळे दोन वर्षे मीच तिच्याबरोबर राहीन. तिचे वडील आणि माझ्या सासूबाई गावाकडे शेती पाहतील. शिकवणी परिसरात दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर असे घर पाहिले आहे. भाडे दरमहा ७,००० रुपये, अनामत २०,००० रुपये आणि वीज सबमीटरप्रमाणे युनिटला १२ रुपये असा व्यवहार ठरत आहे. घरमालक म्हणतात की पाणी चोवीस तास आहे, आणि करार पाचशेच्या बाँडवर नोटरी करून अकरा महिन्यांचा करू, नोंदणीची कटकट नको. एजंट एक महिन्याचे भाडे मागतो आहे. पैसे देण्यापूर्वी आम्ही काय पाहावे?
— एक वाचक भगिनी, जळकोट तालुका

उत्तर : आपण सर्वप्रथम भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे, घर त्यानंतर. आपण १ जूनला राहायला आलात असे धरू. अकरा महिन्यांचा करार पुढच्या वर्षी ३० एप्रिलला संपेल. तो पुन्हा अकरा महिन्यांसाठी वाढवला, तर १ मेपासून सुरू होऊन त्याच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चला संपेल. त्या वेळी मुलीची बारावीची बोर्डाची परीक्षा नुकतीच आटोपलेली असेल आणि नीट, जी अलीकडच्या वर्षांत मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होत आली आहे, ती जेमतेम पाच आठवड्यांवर येऊन ठेपलेली असेल. म्हणजे दोन वर्षांतल्या ज्या महिन्यात मुलीला पुस्तकातून मान वर काढायला सवड नसेल, नेमक्या त्याच महिन्यात घरमालक आपल्याला ‘आता भाडे साडेआठ हजार, नाहीतर खोली मोकळी करा’ असे सांगू शकतील आणि आपल्या हातात त्यावर उत्तर नसेल. नव्या विद्यार्थ्यांसाठी खोल्यांची विचारणाही याच सुमारास सुरू होत असल्यामुळे ही भीती केवळ कागदावरची नाही.

या अकरा महिन्यांच्या आकड्याचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली आणि नोंदणी टाळण्यासाठी लोकांनी अकराचा आकडा शोधला. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट २५ वर्षांपूर्वीच बुजली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरण्याच्या परवानगीचा, करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी त्या कलमाने घरमालकावर टाकली आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. सही करणारी व्यक्ती तीच आहे, एवढेच नोटरी सांगतो. ही गोष्ट घरमालकांना समजावून सांगितली, तर नोंदणीची कटकट टाळण्यात त्यांचेच नुकसान अधिक आहे हे त्यांच्या लक्षात येईल.

आता खर्चाचा हिशेब पाहू, कारण ‘नोंदणी महाग पडते’ असे आपल्याला नक्की सांगितले जाईल. माझी सूचना अशी की करार सरळ २४ महिन्यांचा करावा. पहिल्या वर्षी भाडे ७,००० आणि दुसऱ्या वर्षी ७,५०० असे ठरले, तर दोन वर्षांचे एकूण भाडे १,७४,००० रुपये होते. परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के दराने काल्पनिक व्याज धरले जाते, ते दोन वर्षांचे ४,००० रुपये. एकूण १,७८,००० रुपयांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ४४५ रुपये, आणि ते पूर्ण शंभरात धरले तरी ५०० रुपये. घरमालक ज्या पाचशेच्या बाँडची गोष्ट करतात, त्याचीही किंमत तेवढीच आहे! महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे आणि ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. बोटांचे ठसे आधारशी जुळवून हे काम घरबसल्या होते. त्यासाठी कचेरीत रांग लावावी लागत नाही. हा खर्च दोघांनी निम्मा निम्मा वाटून घेतला, तर दोन वर्षांच्या निश्चिंतीसाठी तो मुळीच जास्त नाही.

करारात दोन वाक्ये अवश्य घालून घ्यावीत. पहिले असे की ठरलेल्या मुदतीपूर्वी घरमालक, भाडे थकल्याखेरीज, जागा परत मागणार नाहीत. दुसरे असे की आपल्याला मात्र एक महिन्याची लेखी सूचना देऊन जागा सोडता येईल. मुलीचा विचार बदलतो, शिकवणी मानवत नाही, क्वचित प्रकृती साथ देत नाही. अशा वेळी उरलेल्या सगळ्या महिन्यांचे भाडे मागणारे घरमालक असतात आणि करारात तसे लिहिलेले असले, तर त्यांच्याशी भांडणे अवघड जाते. मुदत संपल्यानंतर जागा न सोडल्यास कलम २४ प्रमाणे घरमालकाला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणूनच मुदत परीक्षेच्या पलीकडे, ३१ मेपर्यंत तरी जावी, एवढा आग्रह धरावा. करारावर सही आपली किंवा आपल्या पतीची असावी. मुलगी अठरा वर्षांची नसल्यामुळे १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तिची सही असलेल्या कराराला अर्थ नाही. मुलांची नावे घालून केलेले असे करार माझ्या टेबलावर दर वर्षी येतात, आणि येतात तेही भांडण झाल्यावरच.

पाण्याविषयी ‘चोवीस तास’ हे उत्तर लातुरात कोणीही ऐकून घेऊ नये. या शहराचे पाणी धनेगावच्या मांजरा प्रकल्पातून येते आणि धरण आटले तर काय होते, हे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी पाणी आणावे लागले तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. घरमालक चोवीस तास म्हणतात तेव्हा बहुधा गच्चीवरच्या टाकीत बोअरचे पाणी असते एवढाच त्याचा अर्थ असतो. म्हणून नळाला महापालिकेची जोडणी आहे का, ते पाणी किती दिवसांनी येते, साठवायला स्वतंत्र टाकी आहे की ड्रमच भरून ठेवायचे, आणि मागच्या मे महिन्यात बोअर चालू होता का, टँकर आला तर त्याचे पैसे कोणी दिले, हे प्रश्न खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना विचारावेत. घरमालकाकडून खरे उत्तर मिळण्याची खात्री नाही. न्हाणीघरातल्या नळाच्या तोंडाकडे आणि बादलीच्या आतल्या कडेकडेही पाहावे. तिथे पांढरा, खरवडला तरी न निघणारा थर असेल, तर पाणी जड आहे. लातूरची तूरडाळ देशभर जाते, परंतु अशा पाण्यात तीच डाळ कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी अख्खी राहते, हे इथे संसार करणाऱ्या बायकांना माहीत असते. मग पिण्याला आणि स्वयंपाकालाही वीस लिटरचा जार घ्यावा लागतो, आणि दोन माणसांच्या घरात तो दीड-दोन दिवसांत संपतो. भाड्याची तुलना करताना हा महिन्याचा खर्च त्यात मिळवूनच करावी.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे असे आपण लिहिता, परंतु त्याच्या डोक्यावर आणखी मजला आहे की उघडी गच्ची, हे लिहिलेले नाही. शिकवणी परिसरात मागणी वाढेल तसे मजले चढले आहेत आणि सर्वांत वरची खोली पुष्कळदा पत्र्याची असते. महाविद्यालयाची दोन वर्षे मी स्वतः अशा खोलीत काढली आहेत. एप्रिलच्या दुपारी पुस्तकाच्या कण्याचा डिंक सुटून पाने हातात येत असत. सिमेंटचा स्लॅब असला, तरी त्यावर थेट ऊन पडत असेल तर तो रात्री अकरा-बारापर्यंत ऊब सोडत राहतो. म्हणून घर सकाळी पाहिले असल्यास पुन्हा एकदा दुपारी चार-साडेचारला जावे आणि पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळहात लावून पाहावा. मुलीच्या शेवटच्या परीक्षेचे दोन महिने चैत्र-वैशाखातलेच आहेत. कूलर लावायची परवानगी आहे का आणि त्याचे पाणी कुठून घ्यायचे, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

तिसरी फेरी रात्री साडेनऊला मारावी. त्या सुमारास अभ्यासिका आणि मेसमधून मुलांचे घोळके बाहेर पडतात, चहाच्या टपऱ्यांवर उभे राहायला जागा नसते, दुचाकींचे हॉर्न वाजतात आणि कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असल्यामुळे चौकात दुचाकीच्या सीटवर केक कापला जातो. हा गजबजाट टाळून शिकवणी परिसरात राहता येणार नाही. तो सर्वस्वी वाईट आहे असेही मला वाटत नाही, कारण रात्री नऊला शिकवणी सुटल्यावर मुलगी ज्या रस्त्याने घरी येते, तो रस्ता दिव्यांचा आणि माणसांचा असणे तिच्यासारख्या गावातून आलेल्या मुलीला मोठा आधार असते. मात्र अभ्यासाच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे की मागच्या बोळाकडे, एवढे पाहून घ्यावे. हजार रुपये कमी भाड्याचे घर रिंग रोडच्या पलीकडे मिळेल. तिथे शांतता मिळेल आणि ऑटोचे पैसे व येण्याजाण्याचा तास जाईल. मला विचाराल तर मुलगी सोळा वर्षांची असताना जवळचे घर बरे.

विजेच्या १२ रुपयांबद्दल बऱ्याच वाचकांचा समज असा असतो की महावितरणचा दर कमी आहे आणि घरमालक वरचे पैसे खातात. काही खात असतीलही. पण हिशेब एवढा सरळ नाही. घरगुती विजेचा दर १०० युनिटांपर्यंत कमी असतो, १०१ ते ३०० पर्यंत बराच वाढतो, ३०१ ते ५०० पर्यंत आणखी वाढतो आणि पुढे आणखीनच. चार बिऱ्हाडे प्रत्येकी ९० युनिटे वापरत असतील आणि प्रत्येकाचा मीटर महावितरणचा असेल, तर चौघांनाही सर्वांत कमी दर लागेल. त्याच चौघांमागे एकच मीटर असला, तर ३६० युनिटे एकत्र मोजली जातात आणि त्यातला मोठा भाग वरच्या दरात जातो. म्हणून घरमालकांकडे मागच्या दोन महिन्यांची बिले मागावीत, एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागावे आणि जो आकडा येईल तोच दर मान्य करावा. ठरावीक १२ ऐवजी ‘बिलाच्या सरासरी दराने’ असे करारात लिहिले, तर दोघांचाही प्रश्न मिटतो. राहायला जाल त्या दिवशी सबमीटरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढून घरमालकांना लगेच पाठवून ठेवावा.

एजंटाला एक महिन्याचे भाडे देण्याची पद्धत आहे, कायदा नव्हे. घर आपणच शोधले असेल आणि त्याने केवळ कुलूप उघडून दाखवले असेल, तर निम्म्यावर यायला तो खळखळ करतो, पण येतो. करारावर सह्या होण्यापूर्वी त्याला काही देऊ नये. गंजगोलाईत बादली, माठ आणि गादी घ्यायला जाण्यापूर्वी एवढी कामे उरकावीत.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. औसा रस्त्याच्या आतल्या बाजूस माझे घर असून वरच्या मजल्यावरच्या चार खोल्यांत आठ मुले राहतात. मुले वाईट नाहीत, पण रात्री एक-एकपर्यंत मोठ्याने बोलणे, गाणी लावणे आणि बाहेरच्या मित्रांना मुक्कामाला आणणे चालू असते. माझ्या पत्नीला रक्तदाबाचा त्रास आहे. शेजारी सुचवतात की रात्री अकराला वरचा मेन स्विच बंद करावा आणि अधूनमधून दुसऱ्या किल्लीने खोल्या उघडून तपासाव्यात. हे योग्य होईल का?
— एक घरमालक, लातूर

उत्तर : गुरुजी, दोन्ही गोष्टी करू नयेत. भाडेकरूचे पाणी, वीज किंवा जिन्यातला दिवासुद्धा घरमालकाने पुरेशा कारणाविना बंद करू नये, असे भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम २९ सांगते, आणि खोली पाहायची असल्यास आधी सूचना देऊन वाजवी वेळी पाहावी, असे कलम २८ सांगते. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा मुलगा काटेकोर अर्थाने ‘भाडेकरू’ नव्हे, असा युक्तिवाद आपला वकील करू शकेल. परंतु अकराला दिवे घालवल्यावर त्या आठांपैकी पहाटेचा पेपर असलेला एक मुलगा मोबाइलच्या उजेडात बसला असेल, त्याच्या आईला आपण काय सांगणार? शिवाय त्याच्या गैरहजेरीत खोली उघडली आणि दुसऱ्या दिवशी त्याने पाकिटातले पैसे गेल्याची तक्रार केली, तर आयुष्यभराची प्रतिष्ठा एका किल्लीपायी पणाला लागेल.

आपला मूळ दोष बहुधा करारात आहे. आठ मुलांकडून भाडे घेताना आठ पालकांशी स्वतंत्र लेखी व्यवहार झाला आहे का? नसल्यास या जूनमध्ये तो करावा आणि त्यात प्रत्येक खोलीत किती जण राहतील, पाहुणा आला तर किती रात्री राहील आणि त्याची आगाऊ सूचना कोणी द्यायची, रात्री दहानंतर स्पीकर लावायचा नाही, दुचाकी कुठे उभ्या करायच्या, ही वाक्ये स्पष्ट लिहावीत. रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतही रात्रीची वेळ म्हणून धरली आहे, त्यामुळे दहाची मर्यादा कोणाला मनमानी वाटणार नाही. प्रत्येक मुलाचे छायाचित्र, आधारची प्रत आणि गावाकडचा पत्ता यांसह भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. बाहेरची अनोळखी मुले मुक्कामाला येतात तेव्हा या माहितीचे महत्त्व अधिक असते, कारण उद्या काही घडल्यास ‘वर कोण राहत होते’ हा पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल.

एक कायद्याबाहेरची गोष्ट सुचवतो. आठांपैकी जो मुलगा दुसऱ्यांदा परीक्षा देतो आहे, ज्याला इथे ‘रिपीटर’ म्हणतात, त्याला बोलावून त्याच्याशी बोलावे. एक वर्ष गमावलेल्या मुलाला रात्रीच्या गोंगाटाचा त्रास आपल्याहून अधिक होत असतो, फक्त बरोबरीच्या मुलांपुढे ते बोलण्याचा त्याला संकोच वाटतो. आपण नियम केला आणि त्याने तो उचलून धरला, तर निम्मे काम होईल. उरलेल्या निम्म्यासाठी पालकांना एक फोन पुरतो. लातूरला मुलगा ठेवताना बापाने बहुधा बैल किंवा सोने मोडलेले असते, आणि ते त्या मुलालाही ठाऊक असते.

प्रश्न : नांदेडला श्यामनगर भागात आमची खोली आहे. घरमालक भाडे रोखच घेतात आणि पावती मागितली की ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असे म्हणतात. दोन महिन्यांचे भाडे दिलेच नाही असे आता त्यांचे म्हणणे आहे.
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : पावती देणे ही घरमालकाची मेहेरबानी नाही, भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. यापुढे भाडे यूपीआयने किंवा बँकेतून द्यावे आणि ‘जुलै महिन्याचे भाडे’ असा शेरा प्रत्येक वेळी लिहावा. ते रोखच हवे म्हणून अडून बसले, तर पैसे देताच त्यांना ‘आज जुलैचे ४,००० रुपये रोख दिले’ असा संदेश व्हॉट्सॲपवर पाठवावा. त्याला त्यांनी हरकत घेतली नाही, तर तोही उद्या पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतो. मागच्या दोन महिन्यांसाठी बँकेतून किंवा एटीएममधून त्या तारखांना काढलेल्या रकमेच्या नोंदी आणि खोलीतल्या मैत्रिणीची साक्ष जमवून ठेवावी. विश्वासाच्या मुद्द्यावर वाद घालू नये. वडिलांना पावती दाखवावी लागते, एवढेच सांगावे.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्याने मी तीन मित्रांसह बेगमपुऱ्यात खोली घेतली आहे. स्वाधार योजनेच्या अर्जासोबत भाडेकरार जोडावा लागतो, पण घरमालक करार करून देण्यास तयार नाहीत. फार तर एकाच्या नावाने करू म्हणतात. शिवाय मागच्या खोलीच्या मालकांनी १५,००० रुपये अनामतीतून रंगकामासाठी ८,००० रुपये कापून घेतले आहेत. तिथे आम्ही दोन वर्षे राहिलो होतो. काय करता येईल?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांपैकी ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी सामाजिक न्याय विभागाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली. तिचा पैसा विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, परंतु तो येण्याची किल्ली घरमालकाच्या सहीत अडकलेली असते, ही तिची मोठी अडचण आहे आणि आपल्यासारखी पत्रे मला दर वर्षी येतात. घरमालक सही टाळतात त्यामागे बहुतेक वेळा प्राप्तिकराची भीती असते. त्यांना पुढील हिशेब दाखवावा. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर आधी वजा होतो आणि उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट कोणतीही पावती न दाखवता मिळते. दरमहा ८,००० रुपयांचे भाडे वर्षाला ९६,००० होते. मालमत्ता कर बाजूला ठेवला तरी करपात्र धरली जाणारी रक्कम ६७,२०० रुपये उरते. बेगमपुऱ्यात दोन-तीन खोल्यांच्या भाड्यावर गुजराण करणाऱ्या आणि दुसरे मोठे उत्पन्न नसलेल्या मालकाला एवढ्याने कर भरावा लागण्याची शक्यता कमी असते. दुसरी भीती असते ती मुले कायमची बसतील याची. ती तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारानेच दूर होते, कारण मुदत संपताच जागा परत मिळवण्याचा सोपा मार्ग त्या कराराने मालकाला मिळतो.

करार एकाच्या नावाने करू नये. ज्याचे नाव करारात, त्याच्यावर चौघांच्या भाड्याची जबाबदारी पडते, आणि उरलेल्या तिघांना तिथे राहत असल्याचा कोणताही कागद दाखवता येत नाही. त्या तिघांपैकी आणखी कोणाला स्वाधारचा अर्ज करायचा असेल तर तो अडतो. चौघांची नावे घालून प्रत्येकाचा वाटा लिहिलेला एकच करार होऊ शकतो आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च एकदाच येतो.

मागच्या अनामतीविषयी थोडे तपशिलात लिहितो. भाडेकरूने जागा घेतली तशीच परत करावी, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज त्याला माफ असते, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे जुने तत्त्व आहे. दोन वर्षांत भिंतीचा रंग मळतो, कॉटच्या डोक्यामागे तेलाचा डाग पडतो. ही झीज आहे. भिंतीत खिळे ठोकून गिलाव्याचे पोपडे पाडले, खिडकीची काच फोडली किंवा न्हाणीघराच्या दाराला लाथ मारून कडी मोडली, तर ते नुकसान आहे आणि त्याचे पैसे द्यावेच लागतात. आपण कोणत्या बाजूला आहात, हे आपल्या पत्रावरून कळत नाही. करारात ‘सोडताना रंगकामाचा खर्च भाडेकरूचा’ असे वाक्य असेल, तर आपली बाजू लंगडी पडते. नसेल, तर मालकांना रंगाऱ्याचे बिल आणि भिंतींची छायाचित्रे मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि १५ दिवसांत रक्कम परत करण्याची विनंती करावी. उत्तर आले नाही, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात असलेल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्यापूर्वीच्या तडजोडीसाठी अर्ज करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे विनामूल्य साह्य मिळते. आठ हजारांसाठी वकील लावून दावा चालवण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी स्वस्त आहे, आणि प्राधिकरणाची नोटीस हातात पडली की बहुतेक घरमालकांना रंगाऱ्याचा खरा दर आठवतो.

बेगमपुऱ्याच्या खोलीत सामान लावण्यापूर्वी चारही भिंती, छत, नळ, दारांच्या कड्या आणि वीजमीटर यांचे दोन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर करून नव्या घरमालकांना पाठवावे. सामान लावून झाले असेल, तर कपाट सरकवून मागच्या भिंतीचेसुद्धा करावे. ओल तिथेच लपलेली असते.